ताशी पाचशे

बाबा: थांब. ती ओळ परत वाच.

लेक: पगाराची पावती काय परत परत वाचायची, बाबा? चहा निवतोय तुमचा.

बाबा: निवू दे. तास किती म्हणालीस?

लेक: एकशे सव्वीस.

बाबा: आणि पाळ्या?

लेक: चोवीस.

बाबा: जेवणाचा तास कापून एका पाळीचे सात तास धरतात, असं तूच म्हणाली होतीस. एकशे सव्वीसला सातनं भाग. अठरा येतात. माझा एक डोळा गेलाय गं, पाढे नाही गेले.

लेक: अठराच भरल्या. बाकीच्या रद्द झाल्या. पहाटे मेसेज येतो, आज येऊ नका. कंत्राटी नर्सला गेलं नाही तर पैसे नाहीत.

बाबा: म्हणजे त्रेसष्ट हजार. हातात किती पडले?

लेक: एक्केचाळीस.

बाबा: बावीस हजार कुठे गेले?

लेक: एजन्सीचं कमिशन. निवृत्तीच्या फंडात आपला वाटा आपण भरायचा, मालकाचाही आपणच. विमा आपला, गणवेश आपला. वर कर आहेच.

बाबा: कायमच्या नोकरीत बावन्न मिळत होते तुला.

लेक: हो.

बाबा: आणि मी शहाण्यानं एजन्सीची जाहिरात वाचून सांगितलं, ताशी पाचशे, दिवसाचे चार हजार, सव्वीस दिवसांचे एक लाख चार हजार. दुप्पट पगार. दे राजीनामा.

लेक: तुमचं गणित बरोबरच होतं.

बाबा: माझी समजूत घालू नकोस. आठ महिने विचारतोय, आठ महिने म्हणतेस, भरपूर मिळतात बाबा.

लेक: तुम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगत होतात. कुठल्या तोंडानं सांगायचं?

बाबा: आणि माझं ऑपरेशन? डॉक्टर रजेवर आहेत म्हणून दोनदा पुढे ढकललंस.

लेक: दुसरा चहा करू का?

बाबा: डॉक्टर रजेवर नव्हते ना?

लेक: नव्हते. कायमच्या नोकरीत आईवडिलांचं ऑपरेशन हॉस्पिटल फुकट करतं. कंत्राटी माणसाला ती सवलत नाही. मी पैसे जमवत होते, बाबा. जुनी नोकरी परत मागायलाही गेले. माझ्या जागेवर मीच शिकवलेली मुलगी बसलीय.

बाबा: आज तपासल्यावर डॉक्टर तुला बाहेर घेऊन गेले. काय म्हणाले?

लेक: जेवल्यावर बोलू.

बाबा: आत्ता बोल.

लेक: राहिलेल्या डोळ्याचाही पडदा पार गेलाय. म्हणाले, आता चिरून उपयोग नाही, यायला उशीर केलात. महिना-दोन महिने अंधुक दिसेल, मग तेही नाही. रुग्णांच्या नातेवाइकांना मी रोज बजावते, उशीर करू नका म्हणून. आणि माझ्याच घरात मी...

बाबा: इकडे ये. ये, बस.

लेक: जाहिरातीच्या खाली सगळं लिहिलेलं होतं. कमिशन, फंड, रद्द पाळ्या. बारीक अक्षरात. मी रात्रपाळी करून आले होते, तुम्ही वाचून दाखवलीत. म्हटलं, बाबांनी वाचलंय, म्हणजे मी वाचल्यासारखंच आहे. तुमच्या नजरेतून ते सुटलं कसं, हेच कळत नाही मला.

बाबा: दिसलं नव्हतं.

लेक: म्हणजे?

बाबा: ठळक ओळ तेवढी दिसली. खाली नुसता राखाडी पट्टा होता. मला वाटलं छपाईच पुसट आहे. नाही, आता खोटं कशाला बोलू. तसं वाटलं नव्हतं. डोळ्यानं दगा दिलाय हे तेव्हाच कळलं होतं. पस्तीस वर्षं वर्गात ओरडलो, आधी उदाहरण पूर्ण वाचा, मग आकडे मांडा. मास्तरला वाचता येत नाही, हे तुला कसं सांगणार होतो?

लेक: तेव्हा मी कायमच्या नोकरीत होते, बाबा.

बाबा: हो.

लेक: नुसतं बोलला असतात. दुसऱ्या दिवशी नेलं असतं तुम्हाला.

बाबा: एक पैसा लागला नसता. कळतंय मला.



लेक: तुमचा राग आलाय मला. खूप आलाय. आणि माझा स्वतःचाही.

बाबा: येऊ दे. मलाही माझा आलाय. तुझा नाही आला, एवढं लक्षात ठेव.

लेक: आता काय करायचं?

बाबा: खिडकीपाशी बस. ऊन आहे तिथे.

लेक: कशाला?

बाबा: तुला जरा बघू दे. केस मागे घे. अशी. रडतेयस का?

लेक: नाही.

बाबा: एवढं अजून दिसतं मला, बाळा.