गजाननचा डावा कान

आमच्या मंगरूळपीरचा गजानन टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत कसा गाजला, असं तुम्ही विचारता ना, तर ऐका. आठ नटांत त्याचं काम सगळ्यात लहान, पाणीवाल्याचं. वाक्य एकच, "हव, आलोच!" पण ते म्हणण्याआधी तो डावा कान ओढायचा आणि लोक हसून हसून लोळायचे. महिन्याभरात हिरो मागे पडला.

दिवाळीला तो घरी आला, म्हणून मी भेटायला गेलो. टीव्हीवर तीच मालिका लागली, तशी त्याची आई उठून आत निघाली.

मी म्हटलं, "काकू, पोरगं एवढं गाजून राह्यलं, अन् तुमी काहून पाहत नाही?"

"याचा बाप असाच कान ओढून 'हव, आलोच' म्हणून घरातून निघाला. रस्त्यात ट्रकखाली गेला. हा तवा पोटात होता. मी याले हे कधी सांगतलंच नाही."

गजानन म्हणाला, "मले कोनीच शिकवलं नाही, माय. आपोआप होते."

काकू हळूच म्हणाल्या, "बोलनं पोटातून आयकलं असंन तुनं. पन कान ओढतानी कुठून पाह्यलं?"