सगळ्यांची खुंटी एकाच जागी

हसा खुशाल, पण आधी ऐका तर. छप्पन्न-सत्तावन्न सालची गोष्ट. कल्याणजवळ आमच्या कारखान्यानं नवी क्वार्टर्स बांधलेली. दारं, फडताळं, खुंट्यांची फळी, सगळं एका मापाचं तयार होऊन आलेलं. सुतारांनी घरोघरी नुसतं बसवलं. न बघता हात बरोबर खुंटीवर जायचा. कुणाच्याही घरात!

मी एकटा. दाराला कुलूप घालायचो नाही, चोरायला होतं काय? एका दुपारी पाळी संपवून आलो, दार ढकललं, टोपी खुंटीला अडकवली आणि खाटेवर बसून बूट सोडायला लागलो. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "आलात? चहा टाकते हं."

मी म्हटलं, "टाका."

अरे, खरंच म्हटलं! तोंडातून निघूनच गेलं.

पदराला हात पुसत बाहेर आल्या त्या शेजारच्या देशपांडेवहिनी. "अगं बाई!" म्हणून किंचाळल्याच. मी एका पायात बूट घालून पळणार, तर दारात साक्षात देशपांडे! पण माणूस भला. पोट धरून हसला, मला बसवून चहा पाजला आणि म्हणाला, "मुळे, तुमच्या दारावर खडूनं काहीतरी खूण करून ठेवा बुवा. पुन्हा घोटाळा नको."

मी म्हटलं, "खूण कशाला? आत शिरल्यावर 'आलात?' म्हणून कुणी विचारलं नाही, की समजायचं, घर आपलं."