बाबांकडून आलेलं

मीनाक्षी : पण निहारला हा आजार झालाय, म्हणजे तू सुटलीस ना? दोघांत एकाला, असंच म्हणाले ना डॉक्टर?

स्वप्नाली : नाही गं आई. अशी वाटणी नसते. दादाच्या वेळी निम्मी शक्यता होती, माझ्या वेळी पुन्हा निम्मी. त्याला आलं म्हणून माझं टळलं, असं नाही.

मीनाक्षी : मला नीट सांग. तिथे ते भराभर इंग्रजीत बोलत होते.

स्वप्नाली : प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडची, एक वडिलांकडची. बाबांच्या एका प्रतीत बिघाड होता. त्यातला एक बारीक तुकडा पुन्हा पुन्हा आलाय, कॅसेट अडकल्यासारखा. त्यामुळे मेंदूतल्या पेशी हळूहळू मरतात. तिशीपर्यंत माणूस अगदी ठणठणीत. मग हातपाय आपोआप उडायला लागतात, तोल जातो, चिडचिड होते, आठवत नाही. बाबांची दुसरी प्रत चांगली होती. आम्हाला कुठली मिळाली, त्यावर सगळं.

मीनाक्षी : आणि औषध?

स्वप्नाली : हात उडायचे कमी होतील. आजार थांबणार नाही.

मीनाक्षी : माझ्या सासूबाईंच्या अंगात यायचं. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा सांगितलं होतं मला, देवीचं आहे, घाबरू नकोस. मी दर मंगळवारी त्यांची ओटी भरायचे.

स्वप्नाली : आणि बाबांना इथे अख्खा सेक्टर बेवडा म्हणायचा. कधी थेंब घेतला नाही त्यांनी. गेल्या महिन्यात मानेसरला कामावर जाताना दादाला कंपनीच्या बसमधून उतरवलं, ‘पीके आया है’ म्हणून. तेव्हाच मला बाबा आठवले.

मीनाक्षी : रविवारचा तुझा साखरपुडा होऊन जाऊ दे. मग बघू.

स्वप्नाली : मी महेशला आज सांगणार आहे.

मीनाक्षी : वेडी झालीस का? तुला नसेलही!

स्वप्नाली : असेलही.

मीनाक्षी : मग आधी तपासणी करून घे. नाही निघालं तर प्रश्नच मिटला.

स्वप्नाली : आणि निघालं तर? दादाकडे रोज बघायचं आणि पुढे आपलं काय होणार ते पाठ करायचं? नाही आई, मला आत्ताच नाही जाणून घ्यायचं. पण त्याला पुढे होणाऱ्या मुलांचा प्रश्न आहे. त्याच्यापासून कसं लपवू?

मीनाक्षी : मला कुणी सांगितलं होतं? झालाच ना संसार.

स्वप्नाली : सांगितलं असतं, तर केलं असतंस बाबांशी लग्न?

मीनाक्षी : ...नसतं केलं. पण मग तुम्ही दोघं नसतात गं.

स्वप्नाली : म्हणून त्याचं त्याला ठरवू दे.

(स्वप्नाली फोन आतल्या खोलीत नेते. मीनाक्षी बंद दाराकडे बघत बसून राहते. आतलं काही ऐकू येत नाही. बऱ्याच वेळाने दार उघडतं.)

मीनाक्षी : काय म्हणाला?

स्वप्नाली : रडला. सांगितलंस ते बरं केलंस, म्हणाला. मग त्याच्या आईने फोन घेतला. खूप गोड बोलल्या. रविवारचा हॉल त्यांच्या ओळखीत कुणाला तरी हवाच होता म्हणे.

मीनाक्षी : त्याने परत फोन नाही घेतला?

स्वप्नाली : नाही.

निहार : आई, चहा केलास तर मला अर्धाच कप दे. सांडतो माझ्या हातून.

मीनाक्षी : तू कधी उठलास रे?

निहार : मघाशीच. स्वप्ना, माझ्यामुळे मोडलं ना?

स्वप्नाली : कुणामुळे नाही, यार. तू बस इथे. भिंतीकडून ये, गालिच्यात पाय अडकेल.

निहार : बाबांना आपण हसायचो, आठवतं? ते जेवायला बसले की.

स्वप्नाली : लहान होतो दादा.

मीनाक्षी : स्वप्ना, माझ्यात नाही ना हे?

स्वप्नाली : नाही आई. हे बाबांच्या घरातलं. तुला काही होणार नाही.

मीनाक्षी : कधीच?

स्वप्नाली : कधीच. तू का रडतेस आता?

मीनाक्षी : कुठे रडतेय. उद्यापासून सकाळी पार्कात फिरायला जाईन म्हणते. तुमचं करायचं तर गुडघे शाबूत ठेवायला हवेत मला.