मंचामागचं जाळं

सन्माननीय अध्यक्ष अंबादासजी, पाहुण्या कुसुमबाई, मंडळाचे सचिव रत्नाकरजी आणि कांचघर-गढ्याच्या वस्त्यांमधून आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना जय भीम.

माझी भाची विनता उद्या पुन्हा समुद्रावर निघाली आहे. तिला निरोप द्यायला आपण जमलात, आनंद आहे. मला मात्र तिच्या बापाने, माझ्या भावाने, भाऊरावाने, वेगळ्याच हेतूने उभं केलं. काल म्हणाला, "ताई, तू कान उपट तिचे. काहून जाऊन राहिली पुन्हा?"

पत्रिकेत 'समुद्रकन्या' छापणाऱ्यांनी तिचं काम काय, हे विचारलं नाही, म्हणून सांगते. मासेमारीची तुटलेली, टाकून दिलेली जाळी वाहत जातात आणि निर्जन बेटांजवळच्या प्रवाळांवर अडकतात. कासवं त्यात गुदमरतात. खालचं प्रवाळ मरत जातं. आणि असं जाळं ओढून काढता येत नाही. ओढलं की प्रवाळ मोडतं. पाण्याखाली राहून एकेक फास कापावा लागतो. विनता आणि गढ्याचा चंद्रशेखर हे काम जोडीने करायचे. पोहायला दोघं इथेच, नर्मदेच्या ग्वारीघाटावर शिकले. मागच्या हिवाळ्यात जाळ्याचा कापून मोकळा झालेला भाग प्रवाहाने फिरला आणि चंद्रशेखरच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीला वेढून बसला. विनताने कापत कापत त्याला वर आणलं. उशीर झाला होता.

त्याची आई, शकुताई, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मंचावर त्यांना खुर्ची का नाही, असं विचारणार होते. आता वाटतं, नाही तेच बरं. अध्यक्षमहोदय, जरा मागे वळून बघता? तुमच्या डोक्यामागे काय टांगलं आहे? मासेमारीचं नायलॉनचं जाळं! त्यात थर्माकोलचे मासे. विनता दारातच थबकली, तर निवेदक म्हणतात, "दीदी भारावल्या." भारावल्या? मी रत्नाकरजींना बाजूला घेतलं.

"अहो मावशी, समुद्राची थीम आहे! खास बरगी धरणाच्या मासेमारांकडून आणवलं."

"आणि कार्यक्रम झाल्यावर?"

"अच्छा, ते? फेकून देऊ."

फेकून म्हणजे कुठे, रत्नाकरजी? नर्मदा पुढे कुठे जाते, शाळेत शिकवलं होतं ना?

हसू नका. पाहुण्यांसमोर आवाज चढवू नये, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला शिकवलं. चढवत नाही. हळूच सांगते, मला या सभागृहात बसायची लाज वाटते आहे.

भाऊराव, तुझा निरोप मी तिला दिला. काहून जातेस, विचारलं. ती म्हणाली, "आत्या, अर्धं जाळं तिथेच आहे." चंद्रशेखरला ज्याने नेलं, त्याचंच अर्धं. तुझ्याकडे यावर उत्तर असेल तर ये, घे माईक.

नाही ना? मग खाली बघू नकोस. तिच्याकडे बघ.

थांबा. शकुताई उठल्या आहेत. वाट द्या त्यांना. विनता, तू बस. त्यांना येऊ दे. रत्नाकरजी, शाल नंतर. आधी स्टूल आणा, आणि तबकातली फीत कापायची कात्री द्या त्यांच्या हातात.

अहो, तुम्ही ते जाळं काय ओढता आहात? ओढायचं नाही, आत्ताच सांगितलं ना? कापू द्या त्यांना.

मंडळाने बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर म्हातारीला माफ करा. जाळं कोणी फेकणार नाही. ते माझ्या घरी येईल. आणि शकुताईंचं कापून होईपर्यंत चहाला कोणी उठायचं नाही. जय भीम.