ओला कांदा कुणी पिलॅस्टिकात भरतं व्हय?

माझं माहेर खोडद, त्या आभाळाकडं बघणाऱ्या दुर्बिणीच्या मोठ्ठाल्या डिश हायेत ना, त्यांच्या पल्याड आमचं रान. शाळा सातवीपस्तोर, पण कांद्यातलं मला इचारा, परकरात व्हते तवापासून वखारी भरल्यात. आता दवाखान्यात आया हाय, सगळी मावशी म्हणत्यात, डॉक्टरीणबाईबी म्हणत्यात आन थोड्या भेत्यातबी.

काय सांगू तुमाला, एक बाई आली. तिचं नाव इचारू नका, ते माझ्यासंगंच जाईल. कांद्याला पाणी द्यायला गेली व्हती, एकटी गाठून एकानं जबरदस्ती केली. लोकं म्हणत्यात अब्रू गेली. मी म्हणते गेली ती त्याची, हिची कशापायी जाईल? सासू म्हनली आधी डोक्यावरनं पाणी घे, पण ही शानी, अंघोळ न करता रानात भिजल्याल्या साडीनिशी तशीच आली. म्हनली, मावशी, त्यो म्हणंल मी तिथं नव्हतोच, माझं कोण खरं मानंल?

डॉक्टरीणबाईंनी नमुनं घेतलं, मी हात धरून उभी. मग साडीची पाळी. पुरावा न्यायला आल्याला हवालदार अवसरी गावचा, त्यानं पिलॅस्टिकची पिशवी उघडली, म्हनला टाका. ओली साडी! मी म्हनले, ओ भाऊ, घरचा कांदा हाय ना तुमचा, ओला कांदा पिलॅस्टिकात भरता का कधी? म्हनला, छ्या, सडंल की. मग हिचा पुरावा सडत नाय व्हय? बाई म्हनल्या, मावशी बराबर बोलत्यात, सावलीत वाळवायची, कागदात भरायची. हवालदार लाजला राव, पण गुणाचा, साडी वाळस्तवर खुर्ची टाकून राखण बसला, माशी बसू दिली नाय.

पुण्याच्या लॅबमधनं डीएनएचा रिपोर्ट आला, साडीवरचा डाग त्याचाच. कोर्टानं तिचं खरं मानलं, त्याला शिक्षा लागली, आन मी वॉर्डभर पेढे वाटत फिरले, शुगरच्या पेशंटलाबी दिला, बाईंच्या शिव्या खाल्ल्या. लई आनंद झाला व्हता मला.

परवा ती आली, घरचा कांदा घिऊन, कागदी पिशवीत! पिशवी बुडातनं फाटली, कांदं गडगडत वॉर्डभर पळालं, आन आमी दोघी खाटांखाली रांगतोय, हसून हसून पोटात दुखाया लागलं. म्हनले, अगं बये, वाळल्याला कांदा हाय, गोणीत आणायचास की. म्हनली, मावशी, कागदानंच मला तारलं. सुखात ऱ्हा माझे बाई, म्हनले, आन तो खाटंखालचा तेवढा काढ.