टुंक!

...आणि वर मोबाइल नंबरही द्यायचा! का? मला गोळ्या हव्यात, सोयरीक जुळवायची नाहीये! आमच्या हिच्या हृदयाच्या गोळ्या हो, महिन्याला एक खोकं. पूर्वीचा औषधवाला चष्म्यावरून बघायचा, खोकं सरकवायचा, संपलं. आता गल्ल्यावर त्याची लेक बसते, प्रत्येक खोक्यावरच्या त्या काळ्या ठिपक्यांवर लाल दिवा धरते, टुंक! मग नाव सांगा, पत्ता सांगा, नंबर सांगा... तुम्हीच सांगा, माणसानं करायचं तरी काय?

तुम्हाला म्हणून सांगतो, खोटा नंबर अगदी जिभेवर आला होता. पण ती म्हणाली, "काका, खोकं कुठल्या लॉटचं ते या ठिपक्यांत असतं. उद्या त्यात काही खोट निघाली, तर काकूंना कळवायचं कसं?" काकूंना म्हणाली हो! विरघळलो. दिला खरा नंबर, कुरकुरत.

चौथ्या दिवशी सकाळी माझी दाढी अर्धी, फेस एका गालावर, आणि फोन! "काका, नवं खोकं फोडलं?"

"आजच. घेतेय ती गोळी, का गं?"

"नको, नको! त्या लॉटमध्ये चुकून चौपट ताकदीच्या गोळ्या भरल्यात, कंपनीनं आत्ता कळवलंय!"

धावलो स्वयंपाकघरात. हिची गोळी जिभेवर, पेला ओठाशी! मला दुसरं काही सुचेना, ओरडलो, "थुंक!" बायकोशी असं बोलतं का कुणी? तिनं डोळे वटारले. मी ओंजळ पुढे धरली... आणि एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माझं एका झटक्यात ऐकलं! एवढीशी ओली गोळी माझ्या हातात. तिथंच फरशीवर बसलो. तो खोटा नंबर दिला असता तर? तुम्हीच सांगा, माणसानं करायचं तरी काय? रडलो! ही पदरानं फेस पुसत म्हणते, "अहो, साबण गेला वाटतं डोळ्यांत."

म्हटलं, "हो... साबणच."

तासाभरात ती पोरगी स्वतः दुसरं खोकं घेऊन दारात हजर. मी न विचारता नंबर सांगितला, शेजाऱ्यांचाही सांगत होतो!

तेव्हापासून ही गोळी गिळेपर्यंत मी समोर बसून टक लावून बघतो. परवा म्हणाली, "एवढं बघायचं होतं, तर मोतीबिंदू व्हायच्या आधी बघायचं होतंत!"

जेवढं दिसतं, तेवढं बघतो झालं.