दोघांचं भाडं

साखर उधारीवर आणलीस? मग हा चहा मला गोड लागायचा नाही बाई.

आमचे हे कर्जतला मास्तर. चहापासून चपलेपर्यंत सगळं उधारीवर, अन् पगार झाला की दुकानदारांत वाटून मोकळे. मी म्हणायची, "खिशात चार रुपये असू द्या की." तर म्हणायचे, "गावात माझं नाव चालतं."

बहात्तर साली नगरहून दिरांची तार आली, आई अत्यवस्थ, लगेच निघा. आम्ही धावत स्टँडवर गेलो. कंडक्टर नवा होता. हे त्याला म्हणाले, "लिहून ठेवा, पगाराला देतो."

"गुरुजी, एस्टीत उधारी न्हाई चालत."

गाडी गेली. दुष्काळात रोख होती कुणाकडं? गल्लीत दारोदार हात पसरून भाडं जमवलं, संध्याकाळची गाडी धरली. पोचलो, तर सासूबाईंना पोचवून माणसं घरी परतली होती.



परवा ह्यांचं तेरावं झालं. सदरे आवरायला काढले, तर एकूण एक सदऱ्याच्या खिशात नगरचं भाडं घडी करून ठेवलेलं.

दोघांचं, गं.